हात लावण्याआधी विचारा



आपल्या गावांत आता गाड्यांची वाण राहिलेली नाही. वडापची जीप आहे, टमटम आहे, दुधाचा टेम्पो आहे, कुणाच्या दारात घरची मोटार आहे. पाटीभर भाजी असो की आजारी शेळी, तालुक्याला न्यायची म्हटली की सोय होते. पण गावात एखाददुसऱ्या घराच्या ओसरीवर असा एक माणूस बसलेला असतो, की दारावरून दिवसाला वीस गाड्या गेल्या तरी त्यातली एकही त्याच्या उपयोगाची नसते. कुणी झाडावरून किंवा विहिरीत पडून मणक्याला मार बसलेला तरुण असतो, कुणी पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेली आजी, तर कुणी लहानपणीच पोलिओने पाय गमावलेला गृहस्थ. त्याला चाकाची खुर्ची मिळालेली असते. परंतु ती उंबऱ्यापासून अंगणापर्यंतच चालते. पुढचा सगळा प्रवास गाडीवाल्याच्या हाती.

हा आकडा लहान नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. त्यांतले १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणारे. एकट्या महाराष्ट्रात ही संख्या साडेएकोणतीस लाखांच्या वर होती. हालचालीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या देशभरात सुमारे ५४ लाख. 

अशा माणसाला गाडी मिळाली नाही म्हणजे काय होते? दवाखान्याची तारीख हुकते. जखमेचे ड्रेसिंग चार दिवस लांबते. दिव्यांगाच्या दाखल्यासाठी जिल्ह्याला शिबिर असते, ते निघून जाते. शाळेत जाणारी मुलगी सातवीनंतर घरी बसते. बहिणीच्या लग्नाला भाऊ जात नाही. 'उगाच सगळ्यांना त्रास कशाला', असे तो म्हणतो आणि घरचेही हळूहळू तसेच म्हणू लागतात. उलट, घराबाहेर पडता आले तर माणूस कुठवर जातो त्याचेही उदाहरण आपल्याजवळ आहे. सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्ग येथे दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाण्यात ते स्वतःच्या बळावर पोहले. पण तलावाच्या काठापर्यंत कुणीतरी त्यांना नीट नेत होते, हेही विसरू नये.

म्हणून आजचे हे पान गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक तरी मुलगा जीप, टेम्पो, रिक्षा किंवा टॅक्सी चालवतो. त्याला हे पान जरूर वाचून दाखवा.

गाडी सोयीची झाली म्हणजे प्रश्न सुटला असे आपल्याला वाटते. लंडन शहराचा अनुभव निराळा आहे. तिथल्या काळ्या टॅक्सी प्रसिद्ध आहेत. तिथे १९८९ पासून नव्या टॅक्सीला, आणि २००० सालापासून सगळ्याच टॅक्सींना, चाकाची खुर्ची आत घेता येईल अशी सोय असणे सक्तीचे झाले. प्रत्येक टॅक्सीत उतरती फळी आली. तरीही देशभरातून तक्रारी येतच राहिल्या. खुर्चीतला माणूस दिसला की गाडी न थांबवता पुढे जाणारे होते, फळी काढायला जमत नाही म्हणणारे होते, आणि खुर्ची आत घेऊन ती न बांधताच गाडी हाकणारेही होते. लोखंड आणि लाकूड होते, पण हाताला वळण नव्हते.

शेवटी कायद्याला चालकाचेच कर्तव्य लिहून काढावे लागले. ब्रिटनमध्ये समानतेचा कायदा २०१० साली झाला. त्यातली टॅक्सीचालकांची कलमे ६ एप्रिल २०१७ पासून अमलात आली. खुर्चीसकट प्रवाशाला न्यायचे. त्याला साध्या आसनावर बसायचे असेल तर खुर्ची बरोबर न्यायची. तो सुरक्षित आणि सुखरूप राहील याची काळजी घ्यायची. चढण्या-उतरण्यास मदत करायची. आणि या सगळ्याचा एक पैसाही जादा घ्यायचा नाही. योग्य कारणाशिवाय हे टाळणाऱ्याला १,००० पौंडांपर्यंत दंड. ज्या चालकाला स्वतःच्या पाठीच्या किंवा अन्य दुखण्यामुळे हे जमत नाही, त्याला दाखला दाखवून सूट मिळते. २८ जून २०२२ पासून सोयीची फळी नसलेल्या साध्या टॅक्सींवरही बरीचशी कर्तव्ये आली. तिथल्या अनेक नगरपालिका आता परवाना देण्याआधी चालकाला हे शिक्षण घ्यायला लावतात. अमेरिकेत १९९० च्या दिव्यांग कायद्याखालचे नियम सांगतात, की सार्वजनिक वाहनावरचा माणूस या कामात तरबेज होईपर्यंत शिकवला पाहिजे.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातील ४१ वे कलम सर्व प्रकारची वाहतूक दिव्यांगांना वापरता यावी यासाठी सरकारने पावले उचलावीत असे सांगते. ९२ वे कलम दिव्यांग माणसाचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद सांगते. पण कलमे तालुक्याच्या स्टँडवर येऊन कुणाची खुर्ची उचलत नाहीत. ते काम चालकाने शिकायचे आहे, आणि ते अवघड नाही. पाहा तर.

पहिला धडा बोलण्याचा. गाडीजवळ खुर्ची आली की आपण काय करतो? मदतीच्या घाईने दोघे धावतात, एक काखेत हात घालतो, दुसरा पाय उचलतो, आणि माणूस पोत्यासारखा आत जातो. भावना चांगली असते. पण खांदा निखळला, कातडी सोलली किंवा लुगडे सरकले तर त्या बाईला आयुष्यभर गाडीची धास्ती बसते. तेव्हा हात लावण्याआधी विचारा. 'आजी, कसं बसवू? कुठं धरू? कुठली बाजू दुखरी आहे?' एवढे तीन प्रश्न. आणि विचारायचे ते आजीलाच; तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलाला नव्हे. ती रोज उठते-बसते, तिला तिचे शरीर ठाऊक आहे. अशा प्रवाशाकडूनच चालक सर्वांत जास्त शिकतो.

दुसरा धडा खुर्चीचा. माणूस चढण्या-उतरण्याआधी खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावायचे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडायच्या. पट्टीवर पाय देऊन उभे राहिले की खुर्ची पुढे कलंडते. खुर्ची उचलायची तर तिच्या पक्क्या सांगाड्याला धरून. हाताच्या दांड्या कित्येक खुर्च्यांना काढता-घालता येतात. त्या धरून उचलले की दांडी हातात आणि माणूस खाली. चढावर खुर्ची समोर तोंड करून ढकलायची. उतारावर मात्र ती उलटी फिरवून, चालकाने खालच्या बाजूला राहून, मागे पाहत हळूहळू उतरवायची. उतारावर सरळ सोडली तर प्रवासी पुढे घसरतो. पदर, धोतराचा सोगा, शाल चाकात जात नाही ना, हे दर वेळी पाहायचे. विजेवर चालणारी खुर्ची बॅटरीमुळे फार जड असते. ती हाताने उचलण्याच्या भरीस पडू नये.

तिसरा धडा शरीराचा. पक्षाघात झालेल्या माणसाचा लुळा हात कधीही ओढू नका. तिथे खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात आणि सांधा चटकन निसटतो. तो चार पावले चालत असेल तर त्याच्या दुबळ्या बाजूला उभे राहा. पायरी चढताना त्याचा चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी, हे ध्यानात ठेवा. मणक्याला मार बसलेल्या माणसाला बहुधा कमरेखाली स्पर्श कळत नाही. हे चालकाला ठाऊक नसेल तर मोठा घात होतो. इंजिनाशेजारी तापलेल्या पत्र्याला त्याचा पाय टेकला तर कातडी भाजते आणि त्याला समजतही नाही. दारात बोट चिमटले तरी तो ओरडत नाही. म्हणून दार लावण्यापूर्वी त्याचे दोन्ही पाय कुठे आहेत ते आपल्या डोळ्यांनी पाहा. लघवीची नळी आणि पिशवी असेल तर ती ओढली जाऊ नये, पायाखाली येऊ नये, आणि पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खालच्या पातळीला राहावी. वर टांगली तर लघवी उलट फिरते. एकाच जागी दाबून बसल्याने अशा माणसाच्या बैठकीवर जखमा होतात आणि त्या महिनोन् महिने भरत नाहीत. लांबच्या वाटेवर अर्ध्या तासाने गाडी बाजूला घेऊन त्याला अंग हलवू द्या. त्याची रोजची गादी त्याच्याबरोबर आसनावर ठेवा.

चौथा धडा बांधण्याचा. ट्रॉलीत कडबा किंवा ऊस भरला की तो कसा आवळायचा हे आपल्याला शिकवावे लागत नाही. माणसाची खुर्ची मात्र आपण टेम्पोत नुसती ठेवतो आणि म्हणतो, 'धरून बसा'. हिशोब करून पाहा. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या आठपटीहून अधिक जोर येतो. साठ किलोचा माणूस त्या क्षणी पाच क्विंटलांचा होतो. तो काय धरून बसणार?

म्हणून नियम असा की ज्याला आसनावर बसणे जमते आणि पटते, त्याने गाडीच्या आसनावर बसून पट्टा लावावा. खुर्ची घडी करून मागे नीट बांधून ठेवावी. साधी घडीची खुर्ची ही गाडीच्या धक्क्यासाठी बनवलेली नसते. ज्याला खुर्चीतच बसून जावे लागते त्याच्यासाठी त्या कामासाठी तयार केलेली गाडी लागते. तिच्यात तळाशी पक्क्या पट्ट्या असतात. दोन पुढून, दोन मागून, अशा चार पट्ट्यांनी खुर्चीचा सांगाडा आवळतात. चाकाला किंवा पायपट्टीला बांधत नाहीत. खुर्ची बांधली तरी माणूस बांधलेला नसतो. त्याला वेगळा पट्टा लागतो. तो ओटीपोटावर न येता कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, आणि दुसरा खांद्यावरून आला पाहिजे. खुर्चीचे तोंड गाडीच्या तोंडाकडे ठेवायचे, किंवा पाठीला भक्कम आडोसा असेल तर मागे करायचे. लंडनच्या जुन्या टॅक्सीत ते मागे होते, २०१८ पासून धावू लागलेल्या नव्या टॅक्सीत पुढे आहे. आडवी मात्र खुर्ची कधीच ठेवायची नाही. आपल्याच गाडीत असा कायमचा बदल करायचा झाल्यास तो गावच्या वेल्डिंगवाल्याकडून परस्पर न करता आर. टी. ओ. ची मंजुरी घेऊन जाणकाराकडून करून घ्यावा.

पाचवा धडा चढ-उताराच्या जागेचा, आणि इथे शेतकऱ्याची अक्कल कामी येते. इमारतीच्या उताराचे प्रमाण एकास बारा सांगतात. म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. गाडीचा तळ दोन फुटांवर असेल तर चोवीस फुटांची फळी लागेल, ती कोण बाळगणार? पण बैल गाडीत चढवायचे असतात तेव्हा आपण काय करतो? गाडी बांधाला किंवा धक्क्याला लावतो. तेच इथे करायचे. खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण दीड-पावणेदोन फूट, जीपची तीन फुटांच्या आसपास. दारापाशी सव्वा फुटाचा ओटा असेल आणि खुर्ची त्या ओट्यावर उभी केली, तर दोन्ही बैठका जवळपास एका पातळीला येतात. मग मधे एक गुळगुळीत, भक्कम फळी ठेवली की ज्याच्या हातांत बळ आहे तो स्वतःच सरकत आत जातो. फळीला कुसळ असता कामा नये आणि ती दोन्हीकडे चांगली टेकलेली हवी. ओट्यालाही एका बाजूने सौम्य उतार ठेवा, म्हणजे खुर्ची वर नेता येईल. उचलणे हा शेवटचा उपाय. उचलायचेच झाले तर दोघांनी, गुडघे वाकवून, 'एक, दोन, तीन' असे बरोबर म्हणून.

सहावा धडा गाडी हाकण्याचा आणि भाड्याचा. कमरेवरचा तोल नसलेला माणूस वळणावर स्वतःला सावरू शकत नाही. गतिरोधक, खड्डा, अचानक ब्रेक यांचा त्याला दुप्पट मार बसतो. सावकाश चला आणि मोठे वळण येण्याआधी तोंडाने सांगा. आणि खुर्चीचे भाडे मागू नका. आपण प्रवाशाच्या चपलांचे भाडे घेत नाही. ही खुर्ची म्हणजे त्याचे पाय आहेत. वडापवाल्याची अडचण खरी आहे. खुर्चीने एका सवारीची जागा जाते, पाच मिनिटे जास्त लागतात आणि बाकीचे कुरकुरतात. पण टपावर नीट बांधून न्यायला घडीची खुर्ची फार जागा घेत नाही, आणि कुरकुर करणाऱ्यांना दोन शब्द सुनावण्याचे धैर्य चालकापाशी असावे. आज कुरकुरणाऱ्याच्या घरातही म्हातारपण येणारच आहे.

आता घरच्यांचे काम. गाडी यायच्या आत माणूस तयार असावा. खुर्चीच्या सुट्या होणाऱ्या पट्ट्या आणि गादी एका पिशवीत ठेवा. उघडलेल्या खुर्चीची रुंदी एकदा मोजून घ्या, म्हणजे कुठल्या गाडीच्या मागच्या दारातून ती जाते ते आधीच सांगता येईल. चालकाला फोन करतानाच सांगा: चाकाची खुर्ची आहे, माणूस उभा राहू शकतो किंवा नाही, अमुक बाजू दुबळी आहे. आणि तो माणूस स्वतः बोलत असेल तर मधे बोलू नका.

शेवटी गावाचे काम. असे शिक्षण द्यायला मोठी शाळा लागत नाही. एखादा बाजार नसलेला दिवस धरा. गावातले पाच-सहा चालक, एक चाकाची खुर्ची, एक जीप आणि खुर्ची वापरणारा एक माणूस शिक्षक म्हणून बोलवा. त्याला त्या दिवसाचा मान आणि मेहनताना द्या. उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असतात. त्यांना दोन तास येण्याची विनंती करा. सराव पोत्यावर करू नका. पोते बोलत नाही, म्हणून ते काहीच शिकवत नाही. आधी प्रत्येक चालकाने स्वतः खुर्चीत बसावे. दुसऱ्याने त्याला चावडीपुढच्या उतारावरून एकदा सरळ आणि एकदा उलटे उतरवावे. सरळ उतरताना पोटात जो गोळा येतो, तो अनुभवल्यावर कुठलाही चालक प्रवाशाला तसा उतरवणार नाही. मग ब्रेक, पट्ट्या, घडी, फळी, पट्टा हे प्रत्येकाने दोन-दोनदा करावे. एका सकाळीत हे होते.

ओट्याला आणि फळीला पैसा लागेल. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, की ती कुठे खर्च झाली, आणि एस. टी. थांब्यापाशी सव्वा फुटाचा, एका बाजूला उतार असलेला ओटा बांधण्याचा ठराव मांडा. तो दिव्यांगांना उपयोगी पडेल, गरोदर बाईला पडेल, गुडघे गेलेल्या आजोबांनाही पडेल.

हे वाचून झाले, की आपल्या गावात ओसरीवर बसलेला तो माणूस कोण, याचा जरा विचार करा. त्याला जाऊन एवढेच विचारा, की शेवटचा तालुक्याला कधी गेला होतास, आणि परत जायला काय लागेल. उत्तर नीट ऐकून घ्या, आणि ते गावातल्या चालकाच्या कानी घाला.